जुलाबाच्या जंतूची किल्ली: लिनाक्लोटाइड हे बद्धकोष्ठतेचं औषध कसं काम करतं



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जण गालातल्या गालात हसले असतील. गुडघेदुखी, रक्तदाब, साखर यांबद्दल आपण चारचौघांत बोलतो. 'पोट साफ होत नाही' ही तक्रार मात्र डॉक्टरांसमोरही आवाज खाली आणून सांगितली जाते. म्हणून आधीच सांगून टाकतो, पुढचा पाऊण तास शौच, मल, जुलाब हे शब्द आम्ही संकोच न करता वापरणार आहोत. तुम्हीही प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत ते मोकळेपणानं लिहा.

बद्धकोष्ठतेवरच्या सगळ्या औषधांची यादी आज वाचायची नाही. एकच औषध घेऊ, लिनाक्लोटाइड. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायचं नाही असं हे औषध. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. ते निवडण्याचं कारण असं, की हे औषध शरीरात नेमकं कुठे चिकटतं आणि चिकटल्यावर काय घडतं, हे बऱ्याच बारकाईनं माहीत आहे. आणि ते एकदा समजलं की डबीवरच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. 'सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या किमान अर्धा तास आधी' एवढं रुग्णाला सांगितलं जातं, पण का ते बहुधा सांगायचं राहून जातं. मग माणूस ती कॅप्सूल चहा-पोह्यांबरोबर घेतो, पातळ जुलाब होतात, आणि 'मला हे सोसत नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी डबी कपाटात जाते. कधी तीच डबी घरातल्या दुसऱ्याच्या हाती लागते. ते तर जास्त धोक्याचं. त्याकडे आपण येणारच आहोत.

आधी बद्धकोष्ठता कशाला म्हणायचं ते पाहू. रोज सकाळी झालंच पाहिजे, नाहीतर काहीतरी बिघडलं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वैद्यकशास्त्र इतकं कडक नाही. आठवड्यातून तीनदा शौचाला होतं, त्रास काही नाही, तर तो माणूस ठणठणीत समजावा. उलट, रोज जाऊनही कुंथावं लागतं, खडे पडतात, झाल्यावरही 'अजून राहिलंय' असं वाटत राहतं, कुठेतरी अडल्यासारखं होतं, क्वचित बोटाची मदत घ्यावी लागते, आणि अशा दोन तरी तक्रारी चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळा, निदान तीन महिने चालू आहेत, तर ती जुनाट बद्धकोष्ठता. डॉक्टर साधारण असाच हिशेब लावतात. त्याआधी ते थायरॉईड, मधुमेह, लोहाच्या गोळ्या, अफूवर्गातली वेदनाशामकं अशी कारणंही तपासतात, आणि तपासायलाच हवीत.

आता हिशेब पाण्याचा. हा भाग आम्हाला शिकवायला फार आवडतो, कारण आकडे ऐकून विद्यार्थी चकित होतात. दिवसभरात आपण जे खातो-पितो त्यातून सुमारे दोन लिटर पाणी पोटात जातं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचे स्वतःचे पाझर मिळून आणखी सहा-सात लिटर. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक तिथेच परत शोषला जातो, दीड-दोन लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, आणि शेवटी मलातून बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. कपभर पाणी! नऊ लिटरांतून एवढंसंच गमवायचं, ही कमालीची काटकसर आहे. मऊ मल आणि खडा यांतला फरक या शेवटच्या कपातल्या काही घोटांचा असतो.

म्हणूनच 'पाणी जास्त प्या म्हणजे कोठा सुटेल' हा सल्ला पुष्कळांना उपयोगी पडत नाही. शरीरात पाणी कमी असेल तर जरूर प्यावं. पण जास्तीचा तांब्याभर पाणी आतडं बिनतक्रार शोषून घेतं आणि ते लघवीवाटे जातं. पाणी मलात राहायचं असेल तर एकतर त्याला आत धरून ठेवणारं काहीतरी हवं, नाहीतर आतड्याच्या अस्तरातूनच ते बाहेर पाझरायला हवं.

धरून ठेवण्याचं काम इसबगोल करतो. लॅक्ट्युलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर वेगळ्या तऱ्हेनं, पण तेच करतात. सोनामुखी आणि बिसाकोडिल आतड्याला चिमटा काढून हलवतात. प्रुकॅलोप्राइड आतड्याच्या मज्जातंतूंना चालना देतं. लिनाक्लोटाइड यातलं काही करत नाही. ते अस्तरातला नळ उघडतं. नळ हा शब्द आम्ही उपमेसाठी वापरतोय खरा, पण उपमा फारशी ताणलेली नाही.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. या पेशींच्या आतड्याच्या पोकळीकडच्या पृष्ठभागावर एक प्रथिन बसवलेलं असतं. त्याचं नाव ग्वानिलेट सायक्लेज-सी. आपण त्याला कुलूप म्हणू. कुलपाचं तोंड पोकळीकडे, म्हणजे अन्न जिथून जातं त्या बाजूला. यंत्रणा पेशीच्या आत. योग्य किल्ली तोंडात बसली की आतली यंत्रणा सायक्लिक जीएमपी नावाचा एक छोटा रेणू भराभर बनवू लागते. हा रेणू म्हणजे पेशीतल्या पेशीत फिरणारा निरोप्या. तो दोन कामं करवून घेतो. सीएफटीआर नावाचा दरवाजा उघडला जातो आणि त्यातून क्लोराइड नि बायकार्बोनेट पोकळीत सुटतात. त्याच वेळी मिठातला सोडियम आत ओढणारा एक पंप मंद होतो. पोकळीत क्षार साठले की पाणी त्यांच्यामागे जाणारच. आवळे मिठात घालून ठेवले की पाणी सुटतं, तोच नियम. पाणी आलं, मल मऊ झाला, आतडं थोडं फुगलं, आणि फुगलेलं आतडं आपोआप जास्त हलतं. म्हणजे हालचाल वाढते ती पाण्याच्या पाठोपाठ.

हे कुलूप कसं सापडलं, ती हकीकत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. ते शोधायला कुणी बद्धकोष्ठतेचा अभ्यास करत नव्हतं. सगळे जुलाबांच्या मागे होते.

१९५० च्या दशकात कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे कॉलऱ्यावर काम करत होते. कॉलऱ्याचं विष रक्तात भिनून माणूस मरतो, अशी तेव्हा बऱ्याच जणांची कल्पना. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला आणि त्यात जंतू सोडले. बांधलेला तुकडा द्रवानं टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी दाखवलं, की जंतू गाळून टाकलेला नुसता द्रव घातला तरी आतडं फुगतं. म्हणजे जंतू आतड्यात एक विष सोडतो, आणि ते विष आतड्यालाच पाणी सोडायला लावतं. त्याआधी १९५६ साली ई. कोलाय या जंतूच्या काही जातीही सशाच्या आतड्यात हेच करतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं होतं. साध्या दोऱ्याचा प्रयोग. जगभरच्या जुलाब-संशोधनाला त्यानं वळण दिलं. अशा माणसाचं नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांना माहीत असायला हरकत नव्हती, असो.

परगावी पाणी बदललं की पोट बिघडतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ई. कोलायच्या याच विष बनवणाऱ्या जाती. त्यांच्या एका विषाची गंमत अशी, की ते उकळलं तरी निकामी होत नाही. आकारानं अगदी छोटं, १८-१९ अमिनो आम्लांची माळ. पण त्या माळेला गंधकाचे तीन टाके घातलेले असतात, त्यामुळे ती घट्ट गुंडाळलेली राहते; उष्णता आणि पाचकरस तिला सहज उलगडू शकत नाहीत. १९७८ साली कळलं की हे विष आतड्याच्या पेशीत सायक्लिक जीएमपी वाढवतं. १९९० साली ते ज्याला चिकटतं ते कुलूप, म्हणजे आपलं ग्वानिलेट सायक्लेज-सी, जनुकासकट हाती लागलं.

आता साहजिक प्रश्न येतो. जंतूच्या सोयीसाठी आपलं शरीर कुलूप कशाला बसवेल? किल्ली घरातलीच कुठेतरी असणार. ती १९९२ साली सापडली, नाव ग्वानिलिन. पाठोपाठ दुसरी, युरोग्वानिलिन. आतड्यातच बनणारी ही दोन संप्रेरकं त्या कुलपात बसतात आणि रोजचा पाझर राखतात. त्यांना गंधकाचे टाके दोनच, म्हणून ती सैल, थोडा वेळ काम करून मोडणारी. जंतूनं केलं काय, तर घरच्या किल्लीची नक्कल केली, पण पोलादाची.

लिनाक्लोटाइड ही त्या नक्कलेची नक्कल. प्रयोगशाळेत तयार केलेली १४ अमिनो आम्लांची माळ, विषासारखेच तीन टाके. विषाचा जो भाग कुलपात बसतो जवळजवळ तेवढाच. 'म्हणजे आम्ही जुलाबाचं विष खायचं का?' असं कुणाच्या मनात आलं असेल. तर, त्यात जंतू नाही, संसर्ग नाही, आणि मात्रा मोजून दिलेली असते. जुनाट बद्धकोष्ठतेसाठी रोज १४५ मायक्रोग्रॅम, काहींना ७२. पोटदुखीसह येणाऱ्या आयबीएसमधल्या बद्धकोष्ठतेसाठी २९०. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा हे प्रमाण किती थोडं आहे बघा. संसर्गात जंतू वाढत जातात आणि विष सोडतच राहतात. इथे मोजकी मात्रा एकदा येते, काम करते आणि पचून जाते. शेपटीचं एक अमिनो आम्ल आतड्यात लगेच तुटतं, पण उरलेला तुकडाही तितकंच काम करतो; मग टाके उसवतात आणि तो साध्या प्रथिनासारखा पचतो. नेहमीच्या मात्रेत हे औषध रक्तात मोजता येईल इतकंसुद्धा सापडत नाही. कुलपाचं तोंड पोकळीकडे आहे, त्यामुळे रक्तात जायची त्याला गरजच नाही.

माणसांत हे कुलूप खरोखर एवढं महत्त्वाचं आहे का, याचा पुरावा औषधाबाहेरूनही आला. नॉर्वेतल्या एका कुटुंबात ३२ जणांना लहानपणापासून सतत पातळ शौच होत असे. २०१२ मध्ये कारण कळलं: या कुलपाच्या जनुकात असा एक बदल, की किल्ली बसली की यंत्रणा वाजवीपेक्षा फार जोरात चालते. या संशोधनात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. संध्या विश्वेश्वरय्या यांच्या प्रयोगशाळेचा वाटा होता. त्याच वर्षी इस्राएलमधल्या दोन बदाऊन कुटुंबांत उलटं चित्र दिसलं. कुलूप निकामी, आणि जन्मलेल्या बाळांचा पहिला काळा मल आतड्यातच चिकटून अडलेला. नळ सतत मोठा सोडलेला आणि नळ बंद, दोन्ही निसर्गानंच दाखवून दिलं.

आता डबीवरच्या सूचनांकडे येऊ.

उपाशीपोटी का? भरपूर तेला-तुपाच्या न्याहारीवर हे औषध घेतलं तर शौच जास्त वेळा आणि जास्त पातळ होतं, असं तपासणीत दिसलं. जेवणानं आतडं आधीच हलत असतं, त्यात नळही उघडला जातो. म्हणून उठल्यावर पाण्याबरोबर कॅप्सूल, मग अर्धा तास थांबायचं. कॅप्सूल चावायची नाही. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

जुलाब का होतात? कारण औषधाचं कामच ते आहे, फक्त प्रमाण पुढे गेलेलं. १४५ मायक्रोग्रॅमच्या चाचण्यांत शंभरातल्या सुमारे १६ जणांना जुलाब झाले. नुसती बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांत पाच जणांना. बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत. थोडं पातळ होणं आणि सारखं धावावं लागणं यात फरक करा. जुलाब जोराचे असतील, चक्कर येत असेल, तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर मंडळींनी तर वाटच पाहू नये. आणि एक दिलाशाची गोष्ट. या निरोप्यानं सोडियमचा एक पंप मंद केला, तरी साखरेबरोबर सोडियम आत नेणारी दुसरी वाट चालूच असते. जलसंजीवनी त्याच वाटेनं जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, ते याच दुसऱ्या वाटेच्या जोरावर.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दोन वर्षांखालच्या बाळाला हे औषध देणं पूर्ण निषिद्ध आहे. अमेरिकेत या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापलेला असतो. अगदी लहान उंदरांच्या पिल्लांना ते दिलं तेव्हा शरीरातलं पाणी जाऊन पिल्लं मेली. तान्ह्या बाळांच्या आतड्यात ही कुलपं जास्त असू शकतात, आणि शरीर एवढंसं. नळ उघडला तर टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. २०२३ पासून अमेरिकेत ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ७२ मायक्रोग्रॅमची मात्रा मान्य आहे, पण ती बालरोगतज्ज्ञांनी ठरवायची. 'बाळाला चार दिवस झालं नाही, आजोबांची कॅप्सूल उघडून जरासं चाटवू' हा विचार मनात आला तर हात तिथेच थांबवा. आपल्या घरांतून औषधं किती सहज या हातातून त्या हातात जातात हे आम्ही पाहतो, म्हणून इतकं स्पष्ट बोलतोय.

आतड्यात कुठे अडथळा असेल तरीही हे औषध चालत नाही. पुढे रस्ता बंद, मागून पाणी सोडायचं, असा प्रकार होईल. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही, तर तो तातडीचा प्रसंग आहे. शौचातून रक्त, न कळत घटलेलं वजन, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यांत आधी तपासणी, औषध नंतर. आणखी एक गट आहे. काहींचा मल मऊच असतो, पण शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. त्यांना पाणी वाढवून फारसा फायदा नाही. त्या स्नायूंना सैल सोडायला शिकवावं लागतं, त्यासाठी बायोफीडबॅक नावाचा व्यायाम असतो. वर्षानुवर्षं औषधं बदलत बसलेल्यांत असे लोक सापडतात.

गुण किती येतो? इथे आम्ही जाहिरातीच्या भाषेत बोलणार नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मिळून बाराशेहून अधिक रुग्ण होते. कसोटी कडक: आठवड्यात किमान तीनदा, पूर्ण समाधानानं शौच व्हायला हवं, आधीपेक्षा एकदा तरी जास्त, आणि हे बारापैकी नऊ आठवडे. १४५ मायक्रोग्रॅमवर एका चाचणीत सुमारे २१ टक्के, दुसरीत १६ टक्के लोक या कसोटीला उतरले. बिनऔषधी कॅप्सूलवर अनुक्रमे तीन आणि सहा टक्के. याहून बऱ्याच जणांना थोडाफार आराम मिळाला. पण पाचातल्या एकालाच पूर्ण गुण, हा आकडा मनाशी असू द्या, म्हणजे आपल्याला उपयोग झाला नाही तर 'माझंच काहीतरी भयंकर आहे' असं वाटणार नाही. दुसऱ्या वाटेची औषधं आहेत. शौच सुधारायचं असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतं. आयबीएसमधली पोटदुखी मात्र हळू उतरते, पूर्ण परिणाम सहा ते नऊ आठवड्यांनी. त्याचं कारण वेगळं असावं: सायक्लिक जीएमपी पेशीच्या मागच्या बाजूनं बाहेर पडून दुखण्याचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंना शांत करतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, तिघांचीच घेऊ.

पहिली: 'आतड्याला याची सवय लागेल का?' चाचणीत काही रुग्णांना मधेच, त्यांना न सांगता, बिनऔषधी कॅप्सूलवर टाकलं होतं. आठवड्याभरात ते जवळपास पूर्वीच्या जागी आले, पण पूर्वीपेक्षा वाईट झाले नाहीत. म्हणजे आतडं आळशी होतं असं दिसलं नाही. मात्र औषध आजार मुळातून घालवतं असंही नाही. घेता तोवर नळ चालतो.

दुसरी, एका काकूंची: 'इसबगोल वीस वर्षं घेतेय, तो सोडू का?' काकू, दोघांची कामं वेगळी आहेत, एकमेकांशी भांडण नाही. डॉक्टरांना सांगून चालू ठेवता येईल. फक्त सकाळच्या कॅप्सूलबरोबर नको, तो रात्रीच घ्या, भरपूर पाण्यातून.

तिसरी: 'आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत, वार लिहिलेल्या खणांत, या कॅप्सूल भरून ठेवू का?' नको. ओलावा लागला की हे औषध खराब होतं, आणि कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा तुम्हाला सांगायला नको. ज्या डबीत आलं त्याच डबीत, झाकण घट्ट लावून ठेवा. आत एक छोटी पुडी असते, ती ओल शोषून घेण्यासाठी आहे. ती खायची नाही आणि फेकायचीही नाही.